दोनशे तीसवर बावीस मिनिटं

"थांबा, थांबा, काच उघडायची नाही! अजून दोन मिनिटं आहेत," म्हणत ओव्हनताईंनी एका गृहस्थांचा पुढे सरसावलेला हात अडवला. हसत अडवला, कारण या दुकानात जे काही करायचं ते हसत करायचं असा दंडक होता. "आता उघडली तर वाफ निघून जाईल. मग कबाब कोरडे झाले की तुम्ही जन्मभर माझ्या नावानं खडे फोडाल."

समोरची पाच-सहा माणसं हसली. गृहस्थांनी हात खिशात घातला, पण नजर काचेवरच ठेवली.

मोठ्या दुकानाचा तिसरा मजला होता. एका बाजूला फ्रिजच्या रांगा, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन, समोरच्या भिंतीवर पस्तीस टीव्ही आणि पस्तीसही टीव्हींवर पोहणारा एकच निळा मासा. खिडकी एकही नाही. या सगळ्याच्या मधोमध, पांढऱ्या ओट्यामागे, गिऱ्हाइकांना ओव्हन चालवून दाखवत ओव्हनताई चौदा वर्षं उभ्या होत्या. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना गिऱ्हाइकांच्या हातातल्या छत्र्यांवरून कळायचं. ओट्याच्या आत जायला एक उचलायची फळी होती. ती खाली पाडली की ओव्हनताई आत आणि जग बाहेर. दिवसातून दोनदाच ती उचलायची, एकदा जेवणाच्या सुट्टीला आणि एकदा घरी जाताना. नोकरी लागली तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, वर्षभर काढते आणि दुसरीकडे बघते. मग नवऱ्याचे डोळे अधू झाले, त्याचं शिवणाचं मशीन चादरीखाली गेलं, आणि दुसरीकडे बघायचं राहूनच गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती नोकरी होती. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. खालच्या पहारेकऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना ओव्हनताईच म्हणायचे, आणि आताशा घरचा फोन उचलतानाही त्यांच्या तोंडून तेच यायचं.

घंटी वाजली. ओव्हनताईंनी जाड मोजे चढवले, काच उघडली आणि जाळी बाहेर ओढली. चिकनचे तुकडे कडेनं तांबूस झाले होते, मधल्या कांद्याला आणि ढोबळी मिरचीला किंचित काळे डाग पडले होते, आणि खालच्या ताटात रस जमला होता.

"अंगणातली शेगडी विसरा," त्या कॉलरच्या माइकमध्ये म्हणाल्या, "कोळसे विसरा, डोळ्यांत जाणारा धूर विसरा. दही, लिंबू, लसूण, मिरपूड आणि थोडं तेल. काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, नाहीतर त्याच पेटतात. आणि मग काय करायचं? दोनशे तीसवर बावीस मिनिटं! घरातल्या घरात, शेगडीवर होतात तसेच."

"दोनशे तीसवर बावीस मिनिटं" हे वाक्य त्या दिवसातून सहा वेळा म्हणायच्या. आकडा त्यांचा स्वतःचा होता. कंपनीच्या पुस्तकात एकशे नव्वद दिलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी तसं करून पाहिलं तेव्हा कबाब आतून कच्चे राहिले. पुस्तक लिहिणाऱ्यानं उभ्या आयुष्यात कबाब केला नसेल, असं म्हणून त्यांनी रोज थोडं थोडं वाढवत नेलं आणि तेराव्या दिवशी दोनशे तीस गाठलं. तेव्हाच्या मॅनेजरनं तो कबाब खाऊन बोटं चाटली होती. पुढे दुकानानं पत्रकच छापलं. वर ओव्हनताईंचा हसरा फोटो, खाली कृती, आणि मधोमध ठळक आकडा. नऊ वर्षं ते पत्रक प्रत्येक ओव्हनबरोबर घरोघरी जात होतं. शाळेत कधी बक्षिसाला नाव आलं नाही, लग्नात फोटोवाला मधेच निघून गेला, पण हजारो स्वयंपाकघरांत आपला फोटो आहे, याचं ओव्हनताईंना मोठं सुख होतं. कंटाळा फारच चढला की त्या मनातल्या मनात तीच घरं मोजायच्या.

त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांत ओव्हन नव्हता. ठेवायला जागाही नव्हती.

लोक कबाब खाऊन, मान डोलवून, फ्रिजकडे पांगले. एक बाई मात्र थांबल्या. साठी ओलांडलेल्या, राखाडी केसांचा घट्ट अंबाडा, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातलेलं तेच पत्रक. त्यांनी हातातला कबाब अर्धा खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्याकडे चष्मा वर करून बघत होत्या.

"तुमच्यासारखे माझे होत नाहीत," त्या म्हणाल्या.

"का बरं मावशी? कसे होतात?"

"कोरडे. कडेला करपतात आणि आत चामडं. चघळता चघळता जबडा दुखतो."

त्यांनी पत्रक उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर टाइप केलेल्या बारीक ओळी होत्या. बाई जन्मभर एका कचेरीत टाइपिस्ट होत्या आणि घरी अजून मशीन होतं, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. तुकडे दीड इंच: कोरडे. दही दुप्पट: कोरडे. रात्रभर मुरवलं: कोरडे. वरून तेल लावलं: कोरडे, शिवाय धूर. खाली पाण्याचं ताट: कोरडे. अशा एकवीस ओळी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख.

"आणि आकडा? तो कमी करून बघितला का कधी?" ओव्हनताईंनी सहज विचारलं.

"छे! तो कसा बदलणार? पत्रकात छापलाय." टाइपिस्टबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "साहेबांनी लिहून दिलेला आकडा आम्ही कधी बदलला नाही हो. आकड्यात चूक नसतेच, चूक असते ती टाइप करणाऱ्याची."

ओव्हनताईंना हे ऐकून बरंच वाटलं. त्यांनी नेहमीचं उत्तर काढलं, जे गेली नऊ वर्षं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रेमानं देत आल्या होत्या. "मावशी, तुमचा हात अजून बसला नाही, एवढंच आहे."

"पाच वर्षं झाली," टाइपिस्टबाई म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. त्यांनी नुसती माहिती दिली. मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "तुमच्याकडूनच नेला होता ओव्हन. आमचे हे अंगणात शेगडीवर करायचे, सगळी गल्ली वासावर यायची. मग छातीचं दुखणं निघालं, डॉक्टर म्हणाले, धूर बंद. तुम्ही म्हणालात, घरातल्या घरात तसेच होतात. मग मीच मागे लागून त्यांची शेगडी शेजाऱ्यांना देऊन टाकायला लावली. म्हटलं, आता मी करून घालीन." त्यांनी पर्स मिटली. "गेले ते, आठ महिने झाले. उद्या त्यांचा वाढदिवस असतो. मुलगी येतेय. म्हटलं, एकदा तरी नीट जमावेत. माझं काय चुकतं तेवढं सांगा म्हणजे झालं."

"पाचच्या वेळेला या," ओव्हनताई म्हणाल्या. "तुम्हीच मुरवलेलं चिकन घेऊन या. तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवते, मग बघू कसे बिघडतात."

दुपारी दोनला मिस्तरी आला. ओव्हनमधला दिवा गेला होता म्हणून त्याला बोलावलं होतं. ओट्यात बसवलेला हा ओव्हन बाहेर काढायचा तर ओटाच फोडावा लागला असता, म्हणून नवं मॉडेल आलं की दुकान समोरची काच आणि बटणांची पट्टी तेवढी बदलून घ्यायचं, पोट जुनंच. बडा घर, पोकळ वासा! मिस्तरीनं दिवा बसवला, ओव्हन तापवला आणि सवयीनं एक लांब तार आत सोडली. तारेच्या टोकाला हातात मावेल एवढं आकडे दाखवणारं यंत्र होतं.

"किती लावलंय ताई?"

"दोनशे तीस."

"बाप रे. हा एकशे नव्वदच्या वर चढेना."

"तुमचं यंत्र बिघडलं असेल, मिस्तरी."

मिस्तरी दुखावला. त्यानं मांडणीवरचा एक नवा ओव्हन लावला, तोही दोनशे तीसवर, आणि तीच तार त्यात सोडली. थोड्या वेळानं यंत्र ओव्हनताईंपुढे धरलं. दोनशे एकतीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

"हा तुमचा कधी पडला होता का?"

पडला होता. चौदा वर्षांपूर्वी, वर आणताना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हमालांच्या हातून. कोपरा चेपला होता, तो भिंतीकडे करून बसवला होता.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून," मिस्तरी खुशीत आला. "चौदा वर्षं चाळीस अंश काम कमी करतोय आणि मिरवतोय बघा कसा! नशीबवान आहे, मला तर पाच मिनिटं उशीर झाला तरी बोलणी बसतात."

ओव्हनताई हसल्या नाहीत. दुकानाचा दंडक त्यांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा मोडला असावा. त्यांच्या डोक्यात कंपनीचं पुस्तक आलं. एकशे नव्वद. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यानं कबाब केला होता. आणि मग एकेक चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला. कोरडे होतात हो, म्हणणारी ती जाड भिंगांच्या चष्म्याची सून. नवऱ्यानं ताट सरकवलं, असं हळूच सांगून गेलेली ती नर्स. पाहुण्यांसमोर फजिती झाली म्हणून तावातावानं आलेला तो बसचालक. त्याला तर त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं, "दादा, बस चालवणं वेगळं आणि कबाब वेगळे." लोक हसले होते, तोही ओशाळून हसला होता. हात बसला नाही, हात बसला नाही. नऊ वर्षं त्या घरोघरी आपला फोटो पाठवत होत्या आणि फोटोखाली लोकांचे कबाब जाळत होत्या.

"नीट होईल का?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या तासात."

मिस्तरीला कामाला लावून त्या फळी उचलून मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेल्या. हे मॅनेजर तीन वर्षांपूर्वी आलेले, वयानं त्यांच्याहून लहान, माणूस वाईट नव्हता. पण वरच्या कचेरीचा फोन वाजला की उभं राहून बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय केलं, तर उठून दार लावलं.

"कुणाला बोललात?"

"मिस्तरीला ठाऊक आहे. त्यानंच तर शोधून काढलं."

"त्याला मी सांगतो. ताई, नीट ऐका. ओव्हन दुरुस्त होतोय ना? झालं तर मग. पाचच्या खेपेला एकशे नव्वदवर करा. 'नवी सुधारित पद्धत' म्हणा. पुढच्या महिन्यात नवं पत्रक छापून घेतो. जुन्याचं नाव काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि ज्यांच्याकडे जुनं आहे ते?"

"ते नऊ वर्षं खातायत, अजून खातील. चिकन कोरडं झालं म्हणून कुणी मेलंय का?"

मॅनेजरनी आवाज उतरवला. "हे बघा, उद्या हे बाहेर फुटलं तर माणसं ओव्हन उचलून आणतील. वरून मला विचारतील. मी काय सांगू, आमच्या बाईंनी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या मनानं आकडा काढला?"

"मागच्या साहेबांना विचारूनच छापलं होतं."

"मागचे साहेब आता आहेत का इथे? पत्रकावर फोटो तुमचा आहे ताई. माझाही नाही आणि त्यांचाही नाही. बोट कुणाकडे जाईल? मग मलाही तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. मला ते करायला लावू नका."

"पाच वाजता एक मावशी येणार आहेत. पाच वर्षं करतायत. माझं काय चुकतं, विचारतायत."

"सांगा, तुकडे लहान होते."

"दीड इंच होते. त्यांनी लिहून ठेवलंय."

"मग सांगा मोठे होते!" मॅनेजर म्हणाले, आणि तेवढ्यात वाजलेला फोन घ्यायला उभे राहिले.

ओव्हनताईंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. मग जिन्याच्या वळणावर उभं राहून घरी फोन लावला. नवऱ्याला सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. मधे त्यांनी दोनदा "ऐकताय ना?" विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "तुला एक सांगू? तू यायच्या आधीची गोष्ट. माझी अंगाची मापं घ्यायची टेप ताणली गेली होती, आणि कापड बेतायचो ते लाकडी पट्टीवर. अख्ख्या शाळेचे गणवेश मी इंचभर आखूड शिवले. आईबाप ओरडत आले तर म्हटलं, पोरं वाढली तुमची, त्याला मी काय करू?"

"अगंबाई. मग?"

"मग काय, टेप बदलली. बोललो कुणाला नाही. आयांना वाटलं, पोरं खरंच वाढली. खूशच झाल्या एक-दोघी." तो थोडा हसला आणि थांबला. "त्या शाळेवरून मी अजून जात नाही. लांबून वळसा घेतो. आता दिसत नाही तरी घेतो."

"मी कुठून वळसा घेऊ? मला तर तिथेच उभं राहायचंय."

"ते बघ तू. नोकरी गेली तर हाल होतील हे तुला मी सांगायला नको. करू नकोस असंही मला म्हणवत नाही."

"म्हणजे मीच ठरवायचं."

"फोटो तुझा आहे ना," नवरा म्हणाला. साहेबांनी वापरलं तेच वाक्य, पण याच्या तोंडून ते टोचलं नाही. खरं म्हणजे जास्तच टोचलं.

पाचला दहा कमी असताना टाइपिस्टबाई आल्या. स्टीलच्या डब्यात मुरवलेलं चिकन, आणि भिजवलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. ओट्यापुढे दहा-बारा माणसं जमली होती. संध्याकाळची गर्दी मोठी असते. फ्रिजच्या रांगेच्या तोंडाशी मॅनेजर हाताची घडी घालून उभे होते. ओव्हनताईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. ठरलंय ना, असं त्या मानेत होतं.

ओव्हनताईंनी डबा उघडला आणि तुकडा बोटात धरून पाहिला. लसणाचा बेताचा वास, मसाला सगळीकडे सारखा लागलेला, एक तुकडा लहान नाही की मोठा नाही. चौदा वर्षांत त्यांनी स्वतःही इतकं नेटकं काम केलं नव्हतं. या बाईला आपण सकाळी हात बसायचा आहे म्हणालो, या विचारानं त्यांचे कान तापले. दोघींनी मिळून काड्यांना तुकडे लावले. टाइपिस्टबाई तुकड्यांमध्ये अगदी मोजून जागा सोडत होत्या.

"ताई, सुरू करा," लांबून मॅनेजर म्हणाले.

जाळी आत गेली. आता बटण फिरवायचं. ओव्हनताईंचा हात बटणावर गेला आणि थांबला. एकशे नव्वद लावलं की काम झालं. कबाब रसरशीत होतील, मावशी खूश होऊन घरी जातील, उद्या मुलीला करून घालतील. पण मग त्यांना वाटणार काय? पाच वर्षं आपणच करंट्या, आणि शेवटी ओव्हनताईंच्या हातचा गुण. या विचारासरशी ओव्हनताईंना स्वतःचीच चीड आली. त्यांनी बटण दोनशे तीसवर नेलं आणि बावीस मिनिटं लावली.

बावीस मिनिटं त्या बोलल्याच नाहीत. शेगडी विसरा नाही, कोळसे विसरा नाही. लोक चुळबुळायला लागले, दोघं-तिघं निघून गेले. दुरुस्त झालेला ओव्हन मन लावून तापत होता. पंधराव्या मिनिटाला कडा काळवंडायला लागल्या. विसाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला आणि गर्दीतल्या एका मुलीनं नाक मुरडलं. मॅनेजर दोन पावलं पुढे आले.

"ताई, बघा जरा, जळतंय."

"दोन मिनिटं आहेत अजून," ओव्हनताई म्हणाल्या.

घंटी वाजली. त्यांनी जाळी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. तुकडे आक्रसून काडीला चिकटले होते, कांदा काळा ठिक्कर पडला होता आणि खालच्या ताटात थेंबभरही रस नव्हता.

टाइपिस्टबाई पुढे वाकल्या. "हे असेच," त्या म्हणाल्या. "अगदी अस्सेच होतात माझे." आणि मग गोंधळून त्यांनी वर बघितलं. "पण सकाळी तर तुमचे…"

"मावशी, तुमचं काही चुकत नव्हतं." ओव्हनताईंचा माइक सुरूच होता, त्यामुळे हे वॉशिंग मशीनपर्यंत ऐकू गेलं. "हा ओव्हन बिघडलेला होता. दोनशे तीस लावलं तरी एकशे नव्वदच द्यायचा. मी त्याच्यावर आकडा काढला, आणि तोच छापला. आज दुपारी कळलं मला. तुमचा ओव्हन बरोबर आहे, तुमचे तुकडे बरोबर, मसाला बरोबर. आकडा चूक होता. माझा होता." त्यांनी मोजे काढून ओट्यावर ठेवले. "एकशे नव्वदवर करा. उद्या छान होतील. आणि तुमच्यापैकी कुणाकडे ते पत्रक असेल तर त्यांनीही एकशे नव्वदवर करा."

माइकचं बटण कुणीतरी मागून बंद केलं. फळी उचलून आत आलेले मॅनेजरच होते. पण सगळी माणसं टाइपिस्टबाईंकडे बघत होती.

बाई रागावतील असं ओव्हनताईंना वाटलं होतं. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्या नुसत्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"ते म्हणायचे," टाइपिस्टबाई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"आमचे हे. दर वेळी म्हणायचे. तुझं नाही गं चुकत काही, त्या ओव्हनचंच काहीतरी आहे. तू करतेस ते बरोबर करतेस." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी त्यांच्यावर डाफरायचे. म्हणायचे, उगाच माझी समजूत काढू नका. पाच वर्षांत एकदा म्हणून मी त्यांचं खरं मानलं नाही. आजारपणात चघळवत नसलं तरी चघळत बसायचे, आणि वर म्हणायचे, तुझा हात चांगलाय."

जमलेली माणसं, अवघडलेली असतात तशी, एकेक करून फ्रिजकडे सरकली. आता आपल्याला काय बोलणी बसणार ते ओव्हनताईंना ठाऊक होतं, घरी जाऊन काय सांगायचं तेही त्या मनात जुळवायला लागल्या होत्या. पण आत्ता, या बाईसमोर, त्यांना त्यातलं काही मोठं वाटेना.

टाइपिस्टबाईंनी चष्मा पुसून घातला. मग जाळीवरची एक काडी उचलली, करपलेला तुकडा ओढून काढला आणि तोंडात घातला. त्या चावत राहिल्या. ओव्हनताईंनी बघितलं आणि दुसऱ्या काडीवरचा एक तुकडा त्यांनीही घेतला.

"ताई, जरा माझ्या खोलीत या," मॅनेजर म्हणाले.

ओव्हनताईंनी हातानंच त्यांना थांबायची खूण केली. तोंडात घास होता. कोरडा होता, लवकर गिळता येण्यासारखा नव्हता, आणि दोघींनाही घाई नव्हती.